स्नूस : वरच्या ओठाखालची चव

‘जनरल’ या स्वीडिश स्नूसची, म्हणजे ओठाखाली धरायच्या ओल्या तंबाखूची, डबी उघडली की तंबाखूच्या आधी नाकात शिरतो तो बर्गमॉटचा वास. ‘अर्ल ग्रे’ चहाला जो लिंबूवर्गीय सुगंध असतो, तोच हा. त्याच्यामागून वाळलेल्या गवताचा, चामड्याचा आणि किंचित मिरीचा वास येतो. जाणकार लगेच चिमूट उचलत नाही. आधी रंग पाहतो, मग ओल. चांगल्या स्नूसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते. बोटांत दाबल्यावर त्याची गोळी वळली गेली तर माल ताजा. भुगा होऊन सुटला तर डबी बरेच दिवस फ्रीजबाहेर राहिलेली. या गोळीला स्वीडनमध्ये ‘प्रिला’ म्हणतात आणि ती वरच्या ओठाखाली, हिरडीला लागून ठेवतात. पहिल्यांदा कळते ते मीठ. मग हिरडीला चुरचुर आणि त्यानंतर सावकाश उतरणारा सुगंध. लाळ फारशी सुटत नाही, त्यामुळे पिचकारीचा प्रश्न येत नाही. मीठ किती, चुरचुर किती, सुगंध किती वेळ टिकतो आणि गोळी धरून राहते की विरघळून दातांवर येते, या कसोट्यांवर डबीची पारख होते.

ही चव कोणा एका उस्तादाने बेतलेली नाही. शेतकरी, कारखानदार, सरकार आणि शेवटी न्यायालय अशा अनेकांचा हात तिला लागला आहे.

युरोपात तंबाखू औषध म्हणून मिरवत आली. लिस्बनमधला फ्रेंच राजदूत झाँ निको याने 1560 च्या सुमारास ती राणी कॅथरिन द मेदिचीकडे डोकेदुखीवरचा उपाय म्हणून पाठवली. निकोटिनला नाव मिळाले ते त्याचेच. फ्रेंच दरबारात तपकीर ओढणे प्रतिष्ठेचे झाले आणि पॅरिसकडे डोळे लावून बसलेल्या स्वीडिश उमरावांनी तो शौक उचलला. अठराव्या शतकात योनास आल्स्त्रोमर या उद्योजकाने आलिंगसोस येथे तंबाखूची लागवड केली. बटाटा स्वीडनमध्ये रुजवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. शेतकरीही तंबाखू पिकवू लागले. घरीच ती कुटायची, मीठपाण्यात भिजवायची आणि नाकात ओढण्याऐवजी ओठाखाली धरायची, अशी रीत खेड्यापाड्यांत पडली. दरबारी थाट ओसरला, तरी ही ओली तंबाखू टिकली.

घरच्या स्नूसची अडचण एकच: प्रत्येक घरची चव निराळी. शिवाय भिजवलेली तंबाखू मुरायला कित्येक महिने लागत. स्टॉकहोमच्या याकोब फ्रेड्रिक युंगलोफने ती उष्णता देऊन मुरवली आणि महिन्यांचे काम आठवड्यावर आणले. 1822 मध्ये त्याच्या कारखान्याचा ‘एत्तन’ बाजारात आला. एत्तन म्हणजे ‘क्रमांक एक’. गडद रंग, तंबाखूची नितळ चव, थोडी धुराची आणि कोकोची छटा. त्यात सुगंधाचा मारा नाही. डबी कुठेही घेतली तरी चव तीच, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. युंगलोफचा मुलगा क्नूट पुढे ‘स्नूसचा राजा’ म्हणून ओळखला गेला. सुगंधाची दुसरी वाट गोथेनबर्गच्या योहान आडोल्फ बोमनने काढली. त्याचा बर्गमॉटवाला ‘जनरल’ 1866 चा. ‘एत्तन’ आणि ‘जनरल’ दोन्ही आजही विकले जातात.

चवीमागे रसायनही आहे. स्नूसमध्ये सोडियम कार्बोनेट घालतात. त्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होते आणि निकोटिन हिरडीतून चटकन रक्तात जाते. आपल्याकडे तंबाखू मळताना चुना लावतात, त्याचेही काम हेच. ती चुरचुर बरीचशी या सोड्यामुळे जाणवते.

1915 मध्ये स्वीडिश सरकारने तंबाखूचा धंदा आपल्या मक्तेदारीखाली घेतला. सैन्याचा खर्च आणि नवे निवृत्तिवेतन यांसाठी पैसा हवा होता. 1919 मध्ये खप सुमारे 7,000 टनांवर पोहोचला, तोही जेमतेम 60 लाख लोकवस्तीच्या देशात. अमेरिकेत गेलेल्या स्वीडिश लोकांनी डब्या बरोबर नेल्या. मिनीॲपोलिसच्या ज्या सीडर ॲव्हेन्यूवर ते राहत, त्या रस्त्याला ‘स्नूस बुलेव्हार्ड’ हे टोपणनाव पडले.

पुढे सिगारेटने बाजी मारली आणि स्नूस म्हाताऱ्यांची, लाकूडतोड्यांची सवय मानला जाऊ लागला. सत्तरच्या दशकात आलेल्या छोट्या पिशव्यांनी चित्र पालटले. हाताला माखणे नाही, दातांवर भुगा नाही. वापरलेली पिशवी ठेवायला झाकणातच जागा. पारखीची तऱ्हाही बदलली. पूर्वी ओल आणि गोळी बघत. आता पिशवी ओठाखाली टोचते का, रस किती गळतो, पुदिना, ज्येष्ठमध किंवा लिंबाची चव किती वेळ राहते, हे बघतात. नव्या चवींबरोबर नवे गिऱ्हाईक आले, त्यांत बायका आणि तरुणही होते.

सरकारी तंबाखू कंपनीचे 1992 मध्ये ‘स्वीडिश मॅच’ या काडेपेटीवाल्या कंपनीशी विलीनीकरण झाले. महाराष्ट्राला या नावाची ओळख जुनी आहे: 1923 मध्ये स्थापन झालेली, अंबरनाथला काडेपेट्या बनवणारी विमको ही एकेकाळी तिचीच शाखा होती. 2022 मध्ये खुद्द स्वीडिश मॅच ‘फिलिप मॉरिस इंटरनॅशनल’ने विकत घेतली.

स्वीडनमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांइतके खाली आहे आणि स्नूसचे समर्थक त्याचे श्रेय डबीला देतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 मध्ये ‘जनरल’च्या आठ उत्पादनांना, सिगारेट पूर्ण सोडून याकडे वळल्यास तोंडाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगासह काही आजारांचा धोका कमी होतो, असे सांगण्याची परवानगी दिली. मात्र जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था धूरविरहित तंबाखू माणसाला कर्करोग करणारी असल्याचेच सांगते. व्यसन तर डबीत असतेच, सुगंध कोणताही असो.

युरोपीय समुदायाने 1992 मध्ये स्नूससारख्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. 1995 मध्ये युरोपीय संघात शिरताना स्वीडनने स्वतःपुरती सूट मिळवली. ही बंदी युरोपीय न्यायालयाने 2004 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये वैध ठरवली. स्वीडनबरोबरच संघात आलेल्या फिनलंडला ती सूट नाही. त्यामुळे तिथले गिऱ्हाईक सीमा ओलांडून हापारांडा या स्वीडिश गावात स्नूस घ्यायला जाते.