चिपच चुकली तर? डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर काय करतो

ॲपमध्ये चूक निघाली तर अपडेट येतं. पण चूक चिपमध्येच असेल तर? लाखो मशीनमध्ये बसलेली चिप उघडून दुरुस्त करता येत नाही. मग तिच्याशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे ड्रायव्हरला, तिची खोड सांभाळून काम करावं लागतं. चिपच्या अशा खोडीला ‘क्वर्क’ म्हणतात आणि त्यावर काढलेल्या वाटेला ‘वर्कअराउंड’.

दोन जुन्या चिप

डिस्क कंट्रोलर म्हणजे प्रोसेसर आणि डिस्क यांच्यातला हमाल. डेटा इकडून तिकडे नेणं हे त्याचं काम. १९९० च्या दशकात ४८६ आणि पेंटियमच्या अनेक मदरबोर्डवर सीएमडी ६४० आणि आरझेड १००० या कंट्रोलर चिप होत्या. दोन्हींच्या डिझाइनमध्ये दोष होते आणि त्यामुळे डेटा खराब व्हायचा. वाईट भाग असा, की बऱ्याचदा एरर यायचीच नाही. फाइल सेव्ह झालेली दिसायची, पण आतला मजकूर बदललेला असायचा.

सीएमडी ६४० मध्ये दोन चॅनेल होते, पण दोन्हींवर एकाच वेळी काम दिलं की गोंधळ व्हायचा. लिनक्सच्या ड्रायव्हरने सरळ रांग लावली: एका चॅनेलचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू करायचं नाही. आरझेड १००० साठी पुढचा डेटा आधीच वाचून ठेवायची सोय, म्हणजे रीड-अहेड, बंद केली. डिस्क थोडी मंदावली, पण डेटा वाचला.

ड्रायव्हर ओळखतो कसा?

प्रत्येक पीसीआय चिपमध्ये कंपनीचा आणि डिव्हाइसचा नंबर असतो. एसएसडी स्वतःचं मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती सांगते. लिनक्स कर्नलमध्ये अशा खोडकर डिव्हाइसची यादीच आहे. उदाहरणार्थ, सॅमसंग ८४० आणि ८५० मालिकेच्या एसएसडींना ‘हे ब्लॉक आता नको आहेत’ असं सांगणारी ट्रिम कमांड रांगेत घालून पाठवायची नाही, अशी त्यात नोंद आहे. साधी ट्रिम चालते, म्हणून तेवढीच वापरतात.

फोनमध्येही हेच

फोनच्या ईएमएमसी स्टोरेजमध्ये कंट्रोलर आतच असतो. सॅमसंगच्या काही मूव्हीनँड चिपमध्ये फर्मवेअरच्या चुकीमुळे ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सिक्युअर ट्रिम’ केल्यावर परत न मिळण्यासारखा डेटा खराब होऊ शकत होता. म्हणून या चिप दिसल्या की कर्नल ती सोय नसल्यासारखाच वागतो. फायदा उघड आहे. किंमत अशी, की सुरक्षितपणे पुसायची एक वाट बंद होते. वर्कअराउंड फुकट नसतो. कधी वेग जातो, कधी एखादी सोय.

दोष नक्की कुणाचा?

घाईने चिपवर खापर फोडणंही धोक्याचं. २०१५ मध्ये अल्गोलिया कंपनीच्या सर्व्हरवर डेटा खराब होऊ लागला. आधी संशय सॅमसंगच्या एसएसडीवर गेला. शेवटी चूक निघाली लिनक्स कर्नलमध्ये, आणि ती शोधली सॅमसंगच्याच इंजिनिअरांनी. चुकीच्या चिपचं नाव यादीत घातलं असतं, तर खरी चूक तशीच राहिली असती.

तुम्ही काय करायचं?

फोनचे सिस्टिम अपडेट आणि एसएसडीचे फर्मवेअर अपडेट टाळू नका. असे वर्कअराउंड त्यांतूनच येतात. मात्र आधीच खराब झालेली फाइल अपडेटने परत येत नाही. त्यासाठी बॅकअपच लागतो, आणि तोही वेगळ्या डिव्हाइसवर.