स्वीकारशील समुपदेशन: दुःखाचे मूळ कुठे शोधायचे?

झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, जीव नकोसा झाला आहे, अशी तक्रार घेऊन एखादा समलिंगी तरुण समुपदेशकाकडे येतो. त्याच्या दुःखाचे मूळ आपण कुठे मानतो यावर पुढचे सगळे उपचार ठरतात. ते त्याच्या लैंगिक कलात आहे असे मानले, तर कल बदलण्याचा खटाटोप सुरू होतो. भोवतालची अवहेलना, सततची लपवाछपवी आणि त्यातून स्वतःविषयी बसलेली घृणा यांत आहे असे मानले, तर उपचार त्या दिशेने जातात. दुसऱ्या भूमिकेवर उभ्या असलेल्या पद्धतीला स्वीकारशील समुपदेशन म्हणता येईल. समलिंगी, उभयलिंगी आणि भिन्नलिंगी कल ही मानवी लैंगिकतेची सारखीच निरोगी रूपे आहेत, हे तिचे गृहीतक आहे.

या गृहीतकाला भक्कम आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी 1957 साली 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुषांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधीचे बहुतेक निष्कर्ष रुग्णालयांतल्या आणि तुरुंगांतल्या माणसांवरून काढलेले होते. हूकर यांनी उपचार न घेणारी, आपापले आयुष्य जगणारी माणसे निवडली आणि वय, शिक्षण, बुद्ध्यांक पाहून त्यांच्या जोड्या लावल्या. मानसिक चाचण्यांची उत्तरे नावे झाकून तज्ज्ञांपुढे ठेवली, तेव्हा समलिंगी कोण आणि भिन्नलिंगी कोण हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. 1973 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने तेच पाऊल 1990 मध्ये उचलले. मात्र एक फट उरली. स्वतःचा कल ज्याला नकोसा वाटतो अशा माणसासाठी एक वेगळे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत राहिले. 2022 पासून लागू झालेल्या नव्या आवृत्तीत ते नाही. पण ‘रुग्णालाच बदल हवा आहे’ या सबबीला त्या निदानाने कित्येक वर्षे आसरा दिला.

ही सबब नीट तपासली पाहिजे, कारण समुपदेशनाच्या खोलीत ती खऱ्या वेदनेसह येते. समजा, सांगलीकडचा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर समोर बसला आहे. घरात बायोडाटा छापून झाला आहे, येत्या रविवारी पाहण्याचा कार्यक्रम ठरला आहे. तो म्हणतो, “मॅडम, मला बदलायचंय. काहीही करा, पण मला नॉर्मल करा.” इथे घाईने “तू आहेस तसा छान आहेस” असे सांगितले, तर आपले ऐकलेच गेले नाही असे त्याला वाटेल. बदलाचे आश्वासन दिले, तर ती फसवणूक ठरेल. जाणती समुपदेशक विचारते, “बदललात, तर उद्यापासून काय काय वेगळं होईल?” मग उत्तरे येऊ लागतात: आईचे रडणे थांबेल, धाकट्या बहिणीचे लग्न अडणार नाही, म्हातारपणी एकटे राहावे लागणार नाही, मित्र टिंगल करणार नाहीत. या यादीत कुठेही पुरुषाबद्दल वाटणारे प्रेम त्रासदायक आहे असे नसते. भीती आहे, जबाबदारी आहे, एकटेपणाची धास्ती आहे, आणि या सगळ्यांवर काम करता येते. “कल बदलण्याचा कुठलाही खात्रीचा उपाय नाही, आणि तसे प्रयत्न इजा करतात,” हेही त्याला स्पष्ट सांगावे लागते. हे सांगताना आवाज मऊ असावा, मजकुरात संदिग्धता नसावी.

पुरावाही तसाच आहे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या कार्यगटाने 2009 मध्ये उपलब्ध संशोधन तपासले. कल बदलण्याचे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी आणि त्यांत हानीचा धोका, असा त्याचा निष्कर्ष होता. बदल शक्य आहे असे सांगणारा रॉबर्ट स्पिट्झर यांचा 2003 चा अभ्यास 200 जणांच्या स्वतःबद्दलच्या सांगण्यावरच उभा होता. 2012 मध्ये स्पिट्झर यांनीच त्यातला मूलभूत दोष मान्य करून समलिंगी समाजाची माफी मागितली.

मग त्रास येतो कुठून? इलन मेयर यांनी 2003 मध्ये मांडलेल्या अल्पसंख्याक-ताणाच्या सिद्धांतात याचे उत्तर मिळते. रोजच्या आयुष्यातले ताण सगळ्यांनाच असतात. कलंकित मानल्या गेलेल्या गटाला त्यांवर आणखी एक थर सोसावा लागतो: प्रत्यक्ष छळ आणि भेदभाव, पुढेही तसेच होईल ही अपेक्षा, ओळख लपवण्याचे कष्ट, आणि समाजाचा तिरस्कार स्वतःच्या मनात मुरणे. लपवण्याचे कष्ट बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर थोडे थांबायला हवे. जोडीदाराचा नंबर ‘ऑफिस’ म्हणून सेव्ह करायचा. त्याचे वडील वारले तरी घरी ‘मित्राचे वडील’ एवढेच सांगायचे आणि चेहऱ्यावर तेवढेच दुःख दाखवायचे. आलेले प्रत्येक स्थळ नाकारायला नवे कारण शोधायचे, कधी पत्रिका, कधी अस्थिर नोकरी. वर्षानुवर्षे अशी पहारेदारी करणाऱ्या माणसाला चिंताविकार जडला, तर त्यात नवल नाही. त्या चिंतेचे मूळ कलात शोधणे हे निदानच चुकीचे आहे.

“मी सगळ्यांना सारखेच वागवतो,” असे अनेक समुपदेशक प्रामाणिकपणे म्हणतात. माझ्या मते ही तटस्थता पुरेशी नाही. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर ‘विवाहित / अविवाहित’ एवढेच दोन पर्याय असतात आणि स्त्रीला पहिला प्रश्न ‘मिस्टर काय करतात?’ असा येतो. एवढ्यावरून सल्लार्थी ठरवते की इथेही लपवायचे. “सध्या कुणी जोडीदार आहे का?” असे विचारले, तर दार उघडे राहते.

उभयलिंगी व्यक्तींची कुचंबणा आणखी वेगळी असते. “मुलगाही आवडतो ना, मग प्रश्नच मिटला,” असे घरचे म्हणतात, आणि दुर्दैवाने काही समुपदेशकही. समलिंगी मित्रमंडळींत त्यांच्याकडे काठावरचे म्हणून पाहिले जाते. पुरुषाशी सुखाने संसार करणारी उभयलिंगी स्त्री विवाहामुळे भिन्नलिंगी होत नाही. तिला नवरा सोडायचा असेलच असेही नाही. कधी तिला एवढेच हवे असते की हे कुणापाशी तरी बोलता यावे आणि ऐकणाऱ्याने त्यावर लगेच निकाल देऊ नये.

मुलींच्या बाबतीत प्रश्न थेट सुरक्षिततेचा होतो. कळताच फोन काढून घेतला जातो, कॉलेज बंद होते, घाईने लग्न उरकले जाते. पालक सज्ञान मुलीला घेऊन येतात आणि म्हणतात, “जरा समजावून सांगा हिला.” फी पालकांनी भरली तरी सल्लार्थी मुलगीच आहे. तिने सांगितलेले तिच्या संमतीशिवाय आईच्याही कानावर जाता कामा नये. म्हणूनच स्वीकारशील समुपदेशक कुणालाही घरी सांगण्यासाठी ढकलत नाही. कमाई आहे का, वेळ पडली तर राहायला जागा आहे का, घरात पहिल्यांदा विश्वासाने कुणाला सांगता येईल, मावशीला की भावाला, याचा आधी शांतपणे विचार होतो. न सांगण्याचा निर्णयही शहाणपणाचा असू शकतो. पालकांसाठी वेगळी सत्रे जरूर घ्यावीत. त्यांनाही धक्का बसलेला असतो, आणि मुंबईतल्या ‘स्वीकार’सारख्या पालकांच्या गटात दुसऱ्या आईबापांशी बोलून जे हलके वाटते, ते तज्ज्ञाच्या व्याख्यानाने वाटत नाही.

या पद्धतीचे परिणामही तपासले जात आहेत. जॉन पॅचँकिस आणि सहकाऱ्यांनी समलिंगी व उभयलिंगी तरुणांसाठी दहा सत्रांची वर्तन-बोधात्मक उपचारपद्धती रचली. 63 जणांवरच्या त्यांच्या 2015 च्या चाचणीत नैराश्य आणि मद्यपान कमी झाल्याचे दिसले. अभ्यास लहान, अमेरिकेतला आणि पुरुषांपुरता आहे. आपल्याकडची कुटुंबे, जाती, लग्नव्यवस्था लक्षात घेऊन काम इथेच व्हायला हवे. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने 2019 पासून समुपदेशकांसाठी सुरू केलेला प्रशिक्षणक्रम याच दिशेचा आहे.

कायदाही आता सल्लार्थीच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क दिला. समाजाच्या नैतिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजाराचा आधार ठरू शकत नाही, असेही त्यात म्हटले आहे. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. घरच्यांच्या विरोधामुळे मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये कल बदलण्याच्या उपचारांना मनाई केली. त्यानंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

आयोगाचा हा निर्णय नोंदणीकृत डॉक्टरांना बांधतो. पाटी लावून बसलेला समुपदेशक, बाबा किंवा ‘सेक्स स्पेशालिस्ट’ त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून पहिली भेट ठरवण्याआधी फोनवरच सरळ विचारा: “समलिंगी व्यक्तींबरोबर तुम्ही काम केले आहे का? कल बदलता येतो असे तुम्ही मानता का? मी सांगितलेले घरच्यांना सांगाल का?” उत्तर देताना समोरचा घुटमळला किंवा बदल करून देतो म्हणाला, तर तिथे जाऊ नका. आणि असे आश्वासन देणारा डॉक्टर असेल, तर राज्य वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करा.