डुकरांचा कॉलरा : रोगकारणाच्या शोधापासून प्रथिनाच्या घडणीपर्यंत

अमेरिकेतील ओहायो राज्यात १८३३ च्या सुमारास डुकरांमध्ये एका प्राणघातक साथीची नोंद झाली. या रोगास पुढे ‘डुकरांचा कॉलरा’ म्हणू लागले. माणसांच्या पटकीशी त्याचा काहीही संबंध नाही. तरीही हे नाव दीर्घकाळ रूढ राहिले. आज त्याच्या जागी ‘क्लासिकल स्वाइन फीव्हर’ ही संज्ञा वापरली जाते. नावाप्रमाणेच रोगकारणाची ओळखही प्रथम चुकली. डॅनियल सॅमन व थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८५ साली आजारी डुकरांतून एक जंतू वेगळा केला आणि तोच रोगाचे मूळ होय असे मानले गेले. परंतु १९०३ साली एमिल डी श्वाइनिट्स व मॅरियन डॉर्सेट यांनी, जंतूंना अडविणाऱ्या गाळणीतून पार झालेल्या द्रवानेही रोग होतो, हे दाखविले. खरे कारण विषाणू होते. तो जंतू केवळ मागाहून शिरणारा सोबती होता.

त्यानंतर काही वर्षांतच डॉर्सेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिकारक्षम डुकरांच्या रक्तरसाचा उपाय सिद्ध केला. हा रक्तरस गुणकारी ठरला. पण त्यातील प्रतिपिंड विषाणूचा कोणता भाग ओळखतात, हे जाणण्याचे साधन त्या पिढीपाशी नव्हते.

ते साधन एकक्लोनी प्रतिपिंडांच्या रूपाने लाभले. नेदरलँड्समधील लेलिस्टाड येथे वेन्सव्हूर्ट यांनी १९८९ साली अशा प्रतिपिंडांच्या साहाय्याने विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचे प्रतिजनदृष्ट्या चार विभाग पाडले. हेच आज ‘ई२’ या नावाने ओळखले जाणारे, ३७३ अमिनो आम्लांचे प्रथिन होय. पुढील संशोधनातून असे दिसले की, या विभागांचे दोन स्वतंत्र गट असून त्यांची घडण गंधकबंधांवर अवलंबून आहे. हे बंध तोडले असता अमिनो आम्लांचा क्रम तोच राहतो. परंतु घडी उलगडते आणि बहुतेक प्रतिपिंडांना ते प्रथिन ओळखता येत नाही. केवळ सरळ क्रमावरून ओळखले जाणारे तुकडेही आहेत. तथापि ते थोडे. भाषेच्या अभ्यासकास हे अपरिचित वाटू नये : वर्णांचा क्रम जाणला म्हणजे वाक्याची रचना कळली, असे होत नाही.

या सूक्ष्म विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व नेदरलँड्समधील १९९७-९८ च्या साथीने स्पष्ट केले. ४२९ कळपांत रोग आढळला, आणि एक कोटीहून अधिक डुकरे मारण्यात आली. त्यांतील बहुसंख्य डुकरे रोगी नव्हती. वाहतूकबंदीमुळे त्यांना ठेवण्यास जागा उरली नव्हती. प्रभावी लस उपलब्ध असूनही तिचा सरसकट वापर युरोपीय संघाच्या धोरणात बसत नव्हता. कारण जुनी लस टोचलेले डुक्कर आणि रोग होऊन गेलेले डुक्कर यांच्या रक्तातील प्रतिपिंडांत फरक करता येत नसे.

यावर उपाय सुचला तो प्रथिनांच्या अभ्यासातूनच. कीटकपेशींत तयार केलेले केवळ ई२ लस म्हणून दिले, तर डुकरात त्याचेच प्रतिपिंड निर्माण होतात. ‘ई-आरएनएस’ या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड मात्र प्रत्यक्ष संसर्ग झाल्यावरच दिसतात. येथे भेद साधला; पण संरक्षण मिळण्यास जुन्या जिवंत लशीपेक्षा अधिक दिवस लागू लागले. म्हणून गुरांच्या एका सजातीय विषाणूत मूळ ई२ च्या जागी डुकरांच्या विषाणूचे ई२ बसवून जिवंत लस तयार करण्यात आली, आणि २०१५ साली तिला युरोपीय संघात परवाना मिळाला. डॉर्सेट यांच्या रक्तरसाने डुकरे वाचविली. परंतु रोगी कोण आणि संरक्षित कोण, हे रक्तावरून सांगण्याचे सामर्थ्य प्रथिनांच्या अभ्यासानंतरच आले.