चकमक-मृत्यू व शासकीय गोपनीयता

चकमक-मृत्यू : पोलीस किंवा अन्य सशस्त्र शासकीय दलाशी झालेल्या कथित संघर्षात संशयित व्यक्तीस, तिच्यावर खटला चालून शिक्षा होण्यापूर्वी, येणारा मृत्यू. ‘चकमक’ हा शब्द मूळचा ठिणगी पाडणाऱ्या गारेचा वाचक असून त्यावरून तो दोन सैन्यतुकड्यांतील लहानशा झटापटीस लावण्यात येऊ लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांतून तो पोलिसी गोळीबाराच्या संदर्भात रूढ झाला. ज्या घटनेत संघर्ष प्रत्यक्षात घडलेलाच नसतो, म्हणजे व्यक्तीस आधी ताब्यात घेऊन नंतर ठार केले जाते व संघर्षाचा वृत्तांत मागाहून रचला जातो, तीस ‘बनावट चकमक’ म्हणतात. बनावट चकमकीत कृत्य व त्याचे लपविणे ही दोन्ही अविभाज्य असतात. खोटी नोंद हा त्या कृत्याचाच भाग असतो. त्यामुळे या विषयाचा विचार शासकीय गोपनीयतेच्या विचारापासून वेगळा करता येत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राज्यसत्तेने आपल्या सशस्त्र शत्रूस कसे वागवावे, हा प्रश्न महाराष्ट्रात ब्रिटिश अमदानीपासून उपस्थित झालेला आहे. रायगड जिल्ह्यातील पनवेलजवळच्या शिरढोण या गावी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके (१८४५–८३) यांनी १८७९ मध्ये रामोशी व इतर साथीदारांसह सरकारविरुद्ध बंड पुकारले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास जाहीरपणे बक्षीस लावले. जुलै १८७९ मध्ये मेजर डॅनिएल यांच्या तुकडीने त्यांना विजापूरच्या परिसरातील देवर नावडगी येथे पकडले, तेव्हा ते आजारी व थकलेले होते. तेथेच त्यांचा शेवट करून प्रतिकारात मृत्यू आल्याचे कळविणे अशक्य नव्हते. तथापि त्यांच्यावर पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला चालला. त्यांचे आत्मचरित्र व रोजनिशी पुराव्यात दाखल झाली. बचावासाठी वकील उभे राहिले. त्यांना जन्मठेपेची शिक्षा होऊन एडन येथे पाठविण्यात आले व तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले.

यावरून परकीय सत्ता न्यायप्रिय होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या पंचविसाव्या विनियमाखाली कोणासही आरोपावाचून स्थानबद्ध करता येत असे. रँडच्या वधानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना याच विनियमाखाली अटकेत ठेवण्यात आले. कार्यालयीन गुपितांसंबंधीचा पहिला कायदा १८८९ मध्ये झाला व त्याची जागा १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने घेतली. शासनाच्या अप्रकाशित कागदपत्रांना पुराव्यातून वगळण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमातच होती. फडके यांच्या खटल्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे : सरकारला आपला पुरावा उघड न्यायालयात मांडावा लागला आणि त्यामुळे बंडखोराची बाजूही इतिहासाला उपलब्ध झाली. खटल्यावाचून झालेल्या मृत्यूत ही शक्यता नष्ट होते.

मुंबईतील चकमकी : ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळा येथे मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. मुंबई पोलिसांच्या चकमकींच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानला जातो. पुढील काळात संघटित टोळ्यांच्या खंडण्या व खून वाढले आणि १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोट मालिकेत २५७ लोक मृत्युमुखी पडले. साक्षीदार पुढे येत नाहीत, आरोपी जामिनावर सुटतात व खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, अशी पोलिसांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. दहशतीखाली जगणाऱ्या नागरिकांपैकी अनेकांनी चकमकींचे स्वागत केले. काही अधिकाऱ्यांना ‘चकमकफेम’ अशी बिरुदावलीही लाभली. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकींत सु. १३५ व्यक्ती मरण पावल्या. या घटनांच्या खरेपणाविषयी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने न्यायालयात दाद मागितली.

दहशतवादविरोधी तपासात खोट्या नोंदीचा प्रश्न कसा उद्‌भवतो, याचे उदाहरण म्हणजे ख्वाजा युनूस प्रकरण होय. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर येथे झालेल्या बाँबस्फोटाच्या तपासात परभणीच्या या अभियंत्यास अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये त्याला औरंगाबादकडे नेत असताना वाहनास अपघात झाला व तो पळून गेला, असे पोलिसांनी नोंदविले. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात मात्र त्याचा कोठडीतच मृत्यू झाल्याचे प्रतिपादन करण्यात येऊन चार पोलिसांविरुद्ध दोषारोप ठेवण्यात आले. त्याचा मृतदेह मिळाला नाही. स्फोटाच्या खटल्यातील सहआरोपींची २००५ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. पोलिसांविरुद्धचा खटला मात्र दीर्घकाळ रेंगाळला.

वाशी–वर्सोवा प्रकरण : ११ नोव्हेंबर २००६ रोजी नवी मुंबईतील वाशी येथून रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास एका मित्रासह उचलून नेण्यात आले आणि त्याच दिवशी सायंकाळी मुंबईतील वर्सोवा भागात तो पोलीस चकमकीत ठार झाल्याचे जाहीर झाले. त्याच्यावर अनेक गुन्ह्यांचे आरोप होते. त्याला उचलून नेल्याचे समजताच व्यवसायाने वकील असलेल्या त्याच्या भावाने, चकमकीची बातमी येण्यापूर्वीच, वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे तारा व फॅक्स पाठवून जिवास धोका असल्याचे कळविले होते. पोलिसांच्या कागदपत्रांइतकीच अधिकृत वेळ असलेली ही दुसरी नोंद पुढे निर्णायक ठरली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत ही हत्या असल्याचा निष्कर्ष निघाला व २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. या प्रकरणातील आरोपींच्या जामिनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला असता, १३ मे २०११ च्या निकालात न्यायालयाने न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देऊन, वरिष्ठांचा हुकूम हा अशा हत्येचा बचाव होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले.

त्याच वर्षी, साक्ष होण्यापूर्वी, गुप्तासमवेत उचलला गेलेला मित्र बेपत्ता झाला व पुढे त्याचा मृतदेह सापडला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मात्र निर्दोष ठरविले. २०१५ मध्ये राज्य शासनाने ११ दोषींची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. तो आदेश उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केला. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने शर्मा यांची मुक्तता रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली, बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम केली व सहा खाजगी व्यक्तींना निर्दोष सोडले. शर्मा यांनी या निकालास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

याउलट सोहराबुद्दीन शेख प्रकरण आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये हैदराबादहून सांगलीकडे येणाऱ्या बसमधून त्याला पत्नीसह उतरवून नेल्याचा व पुढे अहमदाबाद येथे चकमकीत ठार केल्याचा आरोप होता. मुंबईत चाललेल्या या खटल्यात नव्वदहून अधिक साक्षीदार फितूर झाले आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी विशेष न्यायालयाने सर्व २२ आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. एका घटनेत समकालीन नोंद टिकली व दुसरीत साक्षच विरून गेली, हा या दोन निकालांतील मुख्य फरक होय.

कायदेशीर स्थिती : भारतीय कायद्यात चकमक अशी कोणतीही संकल्पना नाही. पोलिसास स्वसंरक्षणाचा जो हक्क आहे, तो मूलतः कोणाही नागरिकास असलेलाच हक्क आहे. अटकेस विरोध झाल्यास आवश्यक तेवढेच बळ वापरता येते. संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदानुसार कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित हिरावून घेता येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मार्च १९९७ मध्ये राज्यांना याविषयी मार्गदर्शक सूचना पाठविल्या. मुंबईतील ९९ चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा निर्देश दिले : गुप्त वार्तेची नोंद ठेवणे, प्राथमिक माहिती अहवाल दाखल करणे, तपास स्वतंत्र यंत्रणेकडे सोपविणे, दंडाधिकारीय चौकशी करणे, शस्त्रे तपासणीसाठी जमा करणे, तसेच शौर्याविषयी संशय उरला नसल्याखेरीज पदके वा बढती न देणे इत्यादी. यांपैकी बहुतेक निर्देश नोंदी व तपासणी यांविषयीचे आहेत, हे लक्षणीय होय. मणिपूरमधील १,५२८ कथित बेकायदा मृत्यूंच्या प्रकरणी ८ जुलै २०१६ रोजी याच न्यायालयाने, अशांत क्षेत्रातही सशस्त्र दलांस चौकशीपासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निर्णय दिला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने गुप्तवार्ता संघटनांना वगळले असले, तरी भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्या आरोपांसंबंधीच्या माहितीस हा अपवाद लागू नाही.

या निर्देशांना बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, पनवेल तालुक्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृहातून चौकशीसाठी नेण्यात येत असलेला, बदलापूर येथील बालिका-अत्याचार प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या वाहनातच गोळी लागून मरण पावला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, असे पोलिसांचे म्हणणे होते. या मृत्यूनंतर काही ठिकाणी आनंदही व्यक्त झाला. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने वाहनातील पाच पोलिसांस जबाबदार धरले आणि एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने विशेष पथकामार्फत तपासाचा आदेश दिला. तपास पथकाच्या रचनेचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेला.

इतर देश : हाच प्रश्न लोकशाही देशांत अन्यत्रही उद्‌भवला आहे. ६ मार्च १९८८ रोजी जिब्राल्टर येथे ब्रिटिश सैनिकांनी आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या तीन नि:शस्त्र सदस्यांना ठार केले. मानवी हक्कांच्या यूरोपीय न्यायालयाने १९९५ मध्ये, सैनिकांना नव्हे तर कारवाईच्या आखणीस दोष देऊन, ब्रिटनने जीविताच्या हक्काचा भंग केल्याचा निर्णय दिला. स्पेनमध्ये १९८३–८७ या काळात ‘गाल’ या गुप्त गटाने बास्क फुटीरतावाद्यांविरुद्ध हत्या व अपहरणे केली. संबंधित गुप्त कागद उघड करण्यास सरकारने नकार दिला असता १९९७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काही खुले करविले आणि १९९८ मध्ये माजी गृहमंत्र्यांना शिक्षा झाली. इझ्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लक्ष्यहत्येस सरसकट परवानगी वा बंदी न देता, अटक शक्य असेल तेथे अटकच करावी व प्रत्येक घटनेची मागाहून स्वतंत्र चौकशी व्हावी, असे ठरविले. अमेरिकेने येमेनमध्ये २०११ मध्ये ठार केलेल्या आपल्याच नागरिकासंबंधीचा गुप्त कायदेशीर अभिप्राय न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

नैतिक विवेचन : गुप्त हत्येच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. एक, मोठा घातपात टाळण्यासाठी शासनास कधी कधी त्वरित कृती करावी लागते. दुसरा, न्यायव्यवस्था दुर्बळ असताना समाजास संरक्षणाचा अन्य मार्ग नसतो. पहिला युक्तिवाद अंशतः मान्य करता येतो. समोरून गोळी येत असता खटल्याची वाट पाहावी, असे कोणी म्हणत नाही. मात्र तो केवळ प्रत्यक्ष व तत्कालीन धोक्यास लागू पडतो, ताब्यात असलेल्या माणसास नव्हे. दुसऱ्या युक्तिवादात रोगाचे निदान बरोबर असले, तरी उपाय रोग वाढविणारा आहे. ज्या यंत्रणेस खोटी नोंद करून सुटता येते, ती कोणास गुन्हेगार ठरविते याची शहानिशा कोणासच करता येत नाही; निरपराध मनुष्य, वैयक्तिक वैर आणि पैशासाठी केलेला खून यांनाही तीच नोंद पुरेशी होते.

गोपनीयतेचे सर्वच प्रकार अनिष्ट नसतात. खबऱ्याचे नाव, नियोजित कारवाईची वेळ किंवा तपासाचे तंत्र काही काळ गुप्त राखणे शासनाचे कर्तव्यच असते. परंतु कारवाई संपल्यावर कोण, कोठे व कशामुळे मरण पावले, हे गुप्त ठेवण्याने सुरक्षितता वाढत नाही. त्यामुळे केवळ कृत्य करणाऱ्यास संरक्षण मिळते. शिरढोणच्या बंडखोराविषयी परकीय सरकारनेही आपला पुरावा न्यायालयापुढे ठेवला होता. स्वतंत्र देशातील नागरिकास, तो कितीही घोर गुन्ह्याचा आरोपी असो, त्याहून कमी मिळू नये, एवढीच अपेक्षा या विषयावरील न्यायनिर्णयांच्या मुळाशी आहे.