नापास वैमानिक आणि युनियन : बेगमपेठच्या निमित्ताने



मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी बेगमपेठ विमानतळाचा जुना फोटो टाकला होता. तो बघून बरंच काही आठवलं, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी हैदराबादचा. जन्म काचीगुड्याचा, शाळा विवेकवर्धिनी, पुढे बी.कॉम. आणि मग छत्तीस वर्षं बँकेत. विमानातलं मला फारसं कळत नाही. नोकरी कशी टिकते आणि कशी जाते, हे मात्र थोडंफार कळतं.

बेगमपेठला स्वतःची विमान कंपनी होती, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज. डकोटा विमानं. आठ कंपन्यांनी नाही म्हटल्यावर प्रेम माथुर यांना को-पायलट म्हणून घेतलं ते या कंपनीने. भारतातल्या त्या पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि डेक्कनसकट देशातल्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी उड्डाणं एअर इंडियाकडे गेली. दोन महामंडळं, म्हणून वैमानिकांच्या युनियनही दोन. इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि एअर इंडियावाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड. हे दोन गट लक्षात ठेवा, पुढे लागतील.

इंडियन एअरलाइन्सचं वैमानिक प्रशिक्षण केंद्र आपल्या हैदराबादेतच होतं. माझी एक शाखा त्या बाजूला होती, त्यामुळे ही मंडळी काउंटरवर यायची. एकदा एक कॅप्टन ड्राफ्ट घ्यायला आले. चेहरा उतरलेला. मी विचारलं, "क्या साब, तबीयत ठीक नहीं?" म्हणाले, "कल चेक है." रोज शंभरावर माणसं घेऊन उडणारा हा माणूस, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्या दहावीच्या पोरासारखा झालेला!

तेव्हा मला कळलं की वैमानिकाची परीक्षा कधी संपतच नाही. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसायचं. सिम्युलेटर म्हणजे हलणाऱ्या पायांवर उभी केलेली हुबेहूब कॉकपिट. मागे परीक्षक बसतो आणि ऐन टेक-ऑफच्या वेगात एक इंजिन बंद पाडतो. विमान सरळ ठेवा, वर न्या, एका इंजिनावर उतरवून दाखवा. जमलं नाही तर उड्डाण बंद, पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा चेक. आमची सीएआयआयबी एकदा सुटली की सुटली. इथे वीस वर्षांचा अनुभव असला तरी सहा महिन्यांनी परत तेच.

आता माझं सांगतो. १९७७ साली मी कॅशवर असताना संध्याकाळी दोन हजार रुपये कमी भरले. पगार किती होता ते विचारू नका. मेमो मिळाला, सस्पेन्शन झालं आणि एन्क्वायरी लागली. १९६६ च्या द्विपक्षीय करारामुळे चौकशीत युनियनचा प्रतिनिधी बाजूला बसू शकत होता, तसे आमचे सेक्रेटरी बसले. मला वाटलं होतं, हे आता आरडाओरडा करतील. ते एवढंच म्हणाले, "कागद दाखवा." कागद आले आणि त्या दिवशी दोघांकडे किल्ल्या होत्या हे निघालं. नोकरी वाचली. निम्मे पैसे भरावे लागले, ते मी भरले. चूक माझीही होतीच.

तीस वर्षांनी याच्या नेमकं उलट घरात पाहिलं. आमच्या अक्काचा मुलगा कर्ज काढून वैमानिक झाला. बावीस लाखांचं कर्ज, बरकतपुऱ्याचं घर गहाण आणि जामीनदार मी. २००६ मध्ये तो एका खाजगी कंपनीत प्रोबेशनवर लागला. अक्काने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. पुढच्या वर्षी सिम्युलेटरच्या चेकमध्ये तो नापास झाला. थोडं जादा प्रशिक्षण दिलं, परत चेक घेतला, परीक्षक तेच. परत नापास. आठ दिवसांत पत्र आलं, आपल्या सेवेची गरज नाही. शेरा लिहिलेला कागद त्याला दाखवलाच नाही. मी विचारलं, "अरे, तुमची युनियन काय करते?" म्हणाला, "मामा, आमच्याकडे युनियन नाही. तो शब्द काढला तरी बोलावून घेतात."

तेवढ्यात २००८ ची मंदी आली आणि दुसरी नोकरी मिळाली नाही. मी जामीनदार, त्यामुळे निवृत्तीच्या पैशातले काही हप्ते मीच भरले. बाकीसाठी अक्काने गावाकडचं शेत विकलं.

युनियनचा शब्द काढला की काय होतं, ते २००९ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही युनियन काढली, कंपनीने दोघा वैमानिकांना घरी पाठवलं. मग शेकडो वैमानिकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली. पाच दिवस उड्डाणं कोलमडली आणि शेवटी काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. एवढा पगार घेणारे कसले कामगार, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. पण तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कुशल आणि तांत्रिक काम करणाराही कामगारच होता.

आणि जिथे युनियन होत्या तिथे काय झालं? २००७ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया एक झाल्या, पण युनियन दोनच राहिल्या. २०११ मध्ये असोसिएशनने समान पगारासाठी संप केला. २०१२ मध्ये गिल्डने केला, तो ५८ दिवस चालला. कारण काय, तर नव्या ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना घ्यायचं नाही! दोन्ही वेळा मान्यता गेली, माणसं बडतर्फ झाली, प्रवाशांचे हाल झाले ते वेगळेच. ज्यांनी एकमेकांना धरून राहायचं, तेच प्रशिक्षणाच्या जागेसाठी भांडत बसले. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

परवा भाचा घरी आला होता. आता तो एका फ्लाइंग स्कूलमध्ये हवामानशास्त्र शिकवतो. चहा पिता पिता म्हणाला, "मामा, खरं सांगू? दुसऱ्या वेळी मी चुकलोच होतो. मला पास करायला नको होतं. पण पहिल्या वेळी काय चुकलं, ते कुणी समजावलं असतं तर दुसरी वेळ आलीच नसती."

मी गप्प बसलो. त्या विमानात आपली नातवंडं बसतात, तेव्हा नापासाला पास करा असं कुठल्याच युनियनने म्हणू नये. पण कागद दाखवा, दुसरा परीक्षक द्या, विमानाबाहेरचं काही काम आहे का बघा, एवढं म्हणणारं कुणीतरी शेजारी हवं. मला ते मिळालं होतं. त्याला नाही मिळालं. आमच्या दोघांतला फरक हुशारीचा नव्हता, एवढं नक्की.

२००८ मध्ये विमानतळ शमशाबादला गेला. बेगमपेठवरून जाताना अजूनही मान आपोआप तिकडे वळते. आपल्यापैकी कुणाचे वडील, काका तिथे नोकरीला असतील तर त्यांच्या आठवणी जरूर लिहा. वाट बघतो.