मुलकी आणि गैरमुलकी

जिल्हा हा शब्द आपण इतका घरचा करून टाकला आहे, की तो मुळात अरबी आहे असे सांगितले तर लोक नवल करतात. अरबीत त्या शब्दाचा अर्थ बरगडी, किंवा बाजू. इंग्लंडात आपल्या जिल्ह्यासारखा जो मुलूख असतो त्याला कौंटी म्हणतात. तो शब्द काउंट, म्हणजे सरदार, यावरून आला. आपली बरगडी, त्यांचा सरदार! पण दोन्हीकडे सरकारी चाकरीसाठी आलेल्या परक्या माणसाला एकच प्रश्न विचारला गेला आहे: तू इथला की बाहेरचा?

बीडच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पहिल्या सालारजंगांनी 1853 ते 1883 अशी तीस वर्षे दिवाणगिरी केली. 1865 साली त्यांनी जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत नव्याने विभागणी करून पगारी अधिकारी नेमले. कलेक्टरला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत. नव्या कारभाराला शिकलेली माणसे हवी होती आणि ती राज्यात पुरेशी नव्हती. मग उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली. इटाव्याचे मोहसिन-उल-मुल्क आले, सय्यद हुसेन बिलग्रामी आले. उर्दू कादंबरीचे आद्य लेखक मानले जाणारे नझीर अहमदही काही वर्षे हैदराबादच्या महसूल खात्यात होते. या माणसांनी कारभाराची घडी बसवली. त्याचबरोबर स्थानिकांच्या मनात सल उरला, की जागा आमच्या आणि खुर्च्या मात्र परक्यांच्या. मुल्क म्हणजे देश. त्यावरून मुलकी म्हणजे इथला आणि गैरमुलकी म्हणजे बाहेरचा, असे दोन शब्द कचेरीतून थेट बाजारात आले.

1919 साली निजामाच्या फर्मानाने मुलकी कोण हे ठरवून दिले. बाहेरच्या माणसाला मुलकी व्हायचे असेल तर त्याने राज्यात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे. एवढ्यावर भागत नव्हते. मूळ गावी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्रही त्याने मॅजिस्ट्रेटपुढे करायचे! मी कवितेचा माणूस, म्हणून या कलमापाशी माझे पाऊल अडते. पंधरा वर्षे मोजता येतात. पण गाव मनातून गेले की नाही, हे कोणता मॅजिस्ट्रेट मोजणार?

आता 1948 सालाकडे या. त्या एका वर्षात दोन घटना अडीच महिन्यांच्या अंतराने घडल्या. 5 जुलैला इंग्लंडात नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली. उपचाराच्या वेळी पैसे न घेता सर्वांना वैद्यकीय सेवा देणारे ते सरकारी खाते. 17 सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि बीड स्वतंत्र भारताचा जिल्हा झाला. दोन्हीकडे कारभार नवा होता आणि माणसे अपुरी होती. आपल्याकडे मुंबई, मद्रास, मध्य प्रांतातून अधिकारी आणले गेले. तिकडे आयर्लंड आणि कॅरिबियन बेटांतून परिचारिका गेल्या, भारत-पाकिस्तानातून डॉक्टर गेले.

पुढचेही सारखेच. 1952 च्या सप्टेंबरात हैदराबाद शहरात गैरमुलकींच्या विरोधात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसे मेली. इंग्लंडात 1962 साली कायदा करून राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर बंधने आली. डॉक्टर मात्र हवेच होते, त्यामुळे ते जात राहिले. भारतीय डॉक्टरांच्या वाट्याला बहुधा तिथल्यांना नको असलेली कामे येत: वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णांची इस्पितळे, कोळसा खाणींच्या गावांतले दवाखाने. खाणकामगारांच्या कित्येक वस्त्यांत भारतीय डॉक्टर हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा घरचा डॉक्टर झाला.

आपल्या अंबाजोगाईला 1974 साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. खेड्यातल्या मुलांना डॉक्टरकीचे दार उघडले. पुढच्याच वर्षी, 1975 साली, इंग्लंडच्या वैद्यकीय परिषदेने भारतीय पदव्यांची आपोआप मिळणारी मान्यता काढून घेतली. भारतातून जाणाऱ्या डॉक्टरला परीक्षा देणे भाग पडले. 2006 साली नियम एकाएकी बदलले आणि तिथे प्रशिक्षणासाठी गेलेले हजारो भारतीय डॉक्टर अधांतरी राहिले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि 2008 साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकली. 2020 साली आरोग्यसेवकांसाठी वेगळा व्हिसा निघाला. 2024 च्या मार्चपासून वृद्धांची देखभाल करणाऱ्या कामगारांना कुटुंब सोबत नेण्याची बंदी झाली. 2025 च्या जुलैत त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद केली. त्याच वर्षी, कायम वास्तव्याचा हक्क पाच वर्षांऐवजी साधारणपणे दहा वर्षांनी द्यावा, असा प्रस्ताव तिथल्या सरकारने मांडला. हे वाचताना मला 1919 चे फर्मान आठवले. भाषा इंग्रजी, हिशेब तोच.

आमच्या ओळखीतली एक मुलगी परिचारिका म्हणून लिंकनशायर कौंटीत गेली. जाण्याआधी भेटायला आली तेव्हा तिने पगाराचे, थंडीचे काही विचारले नाही. म्हणाली, ‘‘सर, किती वर्षं राहिलं म्हणजे तिथले लोक आपल्याला तिथलं म्हणतात?’’ मी तिला निजामाचे पंधरा वर्षांचे कलम सांगितले. ती हसली. तिच्या आईला मात्र हसू आले नाही.

अशा मुलामुलींना माझे एकच सांगणे असते. एजंटला पैसे देण्यापूर्वी कागद तपासा. देखभालीच्या कामासाठी लाखो रुपये भरून माणसे तिकडे गेली आणि काम मिळाले नाही, असे प्रकार उघड झाले. शेकडो मालकांचे परवाने तिथल्या सरकारला रद्द करावे लागले. मुकादमाची उचल काय असते, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

उचलीवरून आठवले. आपल्या जिल्ह्यातून परमुलखात जाणारी सर्वांत मोठी गर्दी विमानतळावर दिसत नाही. ती दिवाळीच्या आगेमागे ट्रक-ट्रॅक्टरवर दिसते. ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, अर्धे वर्ष उसाच्या फडात काढतात आणि परततात. बापाचा कोयता मुलाच्या हाती येतो. परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र त्यांच्याकडून कुणीही मागितलेले नाही. कारण त्यांना तिथले करून घ्यावे, हा विचारच कुणाच्या मनात नसतो. निजामाच्या फर्मानाने निदान पंधरा वर्षांनी का होईना, दार उघडे ठेवले होते.

राज्याला हात हवे असतात, तेव्हा ते गाव विचारत नाही. हातांची गरज भागली की गाव विचारते. आपल्या गावच्या शाळेत दुसऱ्या जिल्ह्यातले गुरुजी असतील, आरोग्य केंद्रात केरळची परिचारिका असेल. लिंकनशायरने आपल्या मुलीला काय म्हणावे अशी आपली इच्छा आहे, ते त्यांना आपण आधी म्हणून पाहावे. त्यासाठी पंधरा वर्षे थांबायचे कारण नाही.