उपाशी पाय आणि विजेचा उपचार

आंबेगाव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ या गांवाचें नांव उच्चारतांच बाबू गेनू यांचें स्मरण होतें. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत परदेशी कापडाची मोटार अडवितांना त्यांनीं देह ठेविला. ते गिरणी-कामगार होते, हें मात्र आपण बहुधा विसरतों. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यांतून त्यांच्यासारखे कितीतरी तरुण पोटासाठीं मुंबईस गेले. त्या राबणाऱ्या पायांच्या एका व्याधीचा इतिहास आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

विडी ही कष्टकऱ्याची स्वस्तांतली विश्रांति. पण तिची किंमत पाय मोजतात. प्रथम थोडें चालतांच पोटरींत गोळा येतो व थांबतांच जातो. पुढें अंथरुणावर पडल्या पडल्या पायाची आग होते. शेवटीं बोट काळें पडतें. रक्तवाहिनी बुजल्यामुळें पाय उपाशी मरतो. तरुण धूम्रपींना ग्रासणाऱ्या अशा एका विकाराचें वर्णन न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनीं १९०८ सालीं केलें. आपल्या देशांत तो अद्यापि आढळतो.

बुजलेल्या वाटेस वळसा घालून नवी वाट काढतां येते तेथें शस्त्रवैद्य ती काढतात. पण जेथें ती निघत नाहीं, तेथें काय करावें? फ्रान्सच्या रने लरीश यांनीं रक्तवाहिन्यांस आंवळणारे मज्जातंतूच छाटण्याचा मार्ग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुढें आणिला. तंतु न तोडतां त्यांस वळविण्याची कल्पना मागाहून आली. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल यांनीं असें प्रतिपादिलें कीं, मज्जारज्जूंत वेदनेच्या वाटेवर जणूं एक वेस आहे. स्पर्शाचे संदेश वाढले कीं ती लोटली जाते. १९६७ सालीं अमेरिकेच्या नॉर्मन शीली यांनीं मज्जारज्जूजवळ विद्युत्-अग्र बसवून या विचारास कृतीचें रूप दिलें. हेतु वेदनाशमनाचा होता. परंतु या उपचारानें पायांतील रक्ताभिसरणही सुधारतें असें पुढें दिसून आलें, आणि १९७६ सालीं कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो अनुभव प्रसिद्ध केला. प्रवाहामुळें आंवळणाऱ्या तंतूंचा जोर ओसरतो व सूक्ष्म वाहिन्या फुलविणारीं द्रव्यें सुटतात, अशी याची उपपत्ति सांगतात.

चमत्कार म्हणून याकडे पाहणें मात्र योग्य नव्हे. शस्त्रक्रियेनें ज्यांची वाट मोकळी करतां येत नाहीं अशा सुमारें ४५० रोग्यांवरील सहा प्रयोगांचा एकत्र विचार करतां, वर्षाअखेर पाय कापण्याचें प्रमाण शेंकडा ११ नें कमी आढळलें. म्हणजे सुमारें नऊ रोग्यांमागें एकाचा पाय वांचला. उलटपक्षीं, शेंकडा १७ जणांस उपकरणापासून कांहीं ना कांहीं उपद्रव झाला. बुजलेली वाहिनी या यंत्रानें उघडत नाहीं, आणि त्याची किंमत कष्टकऱ्याच्या आवांक्याबाहेरची आहे.

नऊांतील तो एक आपला भाऊ असेल, तर हा लाभ थोडा कोण म्हणेल? तरीही या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस निराळाच वाटतो. बर्गरच्या विकारांत पाय राखण्याचा खात्रीचा उपाय तंबाखू संपूर्ण सोडणें हाच ठरला आहे. त्यास एक पैसाही लागत नाहीं. पोटरींत पहिला गोळा येतो त्याच दिवशीं महाळुंग्याच्या माणसानें विडी विझवावी आणि वैद्याचें दार गांठावें. बोट काळें पडल्यावर पुण्यास धांव घेण्याची पाळी मग बहुधा येणार नाहीं.